पत्र्याखाली पीयू फोम फवारायचा आहे: आगीचं आणि विषारी वाफांचं काय?

तापलेला_पत्रा
मंडळी, सल्ला हवा आहे. वर्कशॉपचं छप्पर पत्र्याचं आहे आणि खाली दुपारी उभं राहवत नाही. शेडच्या अर्ध्या भागात वेल्डिंग-ग्राइंडिंग चालतं. उरलेल्या अर्ध्या भागात आता ऑफिस आणि वर राहण्याची एक खोली काढतोय. ठेकेदाराने पत्र्याच्या आतल्या बाजूने पॉलियुरेथेन (पीयू) फोम फवारायला सांगितलंय: ७५ मिमी जाडी, एका दिवसात काम संपवतो म्हणतो. वर काही लावायची गरज नाही, "हा एफआर (ज्वालारोधक) ग्रेड आहे, आग पकडत नाही." त्याने मोबाईलवर व्हिडिओही दाखवला, फोमच्या तुकड्याला लायटर लावला आणि काढला की ज्योत विझते.
मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा फोम खरंच पेटत नाही का? फवारणी चालू असताना घरच्यांनी थांबलं तर चालेल का? (बायकोला दमा आहे.) आणि पुढे कधी पत्र्याला एखादा ब्रॅकेट वेल्ड करायची वेळ आली तर?

ओळंबा
सगळ्यात आधी एकच सांगतो, फोम उघडा ठेवू नका. माणसांच्या वावराची जागा आणि फोम यांच्यामध्ये आग अडवणारा थर हवाच. बऱ्याच देशांच्या बांधकाम नियमांत याला थर्मल बॅरियर म्हणतात आणि साधारण १२.५ मिमीचा जिप्सम बोर्ड त्यात बसतो. त्यामागचा हिशोब असा की आग लागल्यावर पहिली १५ मिनिटं फोमपर्यंत धग पोचू नये, म्हणजे माणसं बाहेर पडतील. एफआर ग्रेड असला तरी हा थर माफ होत नाही. "वर काही लावायची गरज नाही" असं ठेकेदार म्हणत असेल तर ते त्याच्याकडून लेखी घ्या. नव्वद टक्के ठेकेदार तिथेच गप्प होतात.

उगाच_एक
इतकं घाबरायचं कारण काय? आमच्या गोडाऊनला कित्येक वर्षं उघडाच फोम आहे. पिवळा होऊन वरून थोडा भुगा पडतो, बाकी काही नाही. लायटरची चाचणी मी स्वतः केली आहे. खरंच विझतो.

बेंझिनवलय
विझतो, बरोबर आहे. पण लायटरची ती चाचणी फसवी आहे, आणि कशी ते नीट सांगायला हवं, कारण हाच व्हिडिओ सगळीकडे फिरतोय.

हातात धरलेल्या तुकड्याला लायटर लावता तेव्हा उष्णता एका बिंदूवर पडते. बाकीचा तुकडा थंड असतो, चारी बाजूंनी गार हवा असते. फोममधलं ज्वालारोधक रसायन (बहुतेक वेळा क्लोरीन असलेलं फॉस्फेट) त्या छोट्या ज्योतीचं रसायनशास्त्र बिघडवतं, वर कोळशाची पातळ साय येते आणि ज्योत मरते. आता तोच फोम छताला शंभर चौरस मीटर पसरलाय असं धरा आणि खाली कोपऱ्यात खोक्यांचा ढीग पेटलाय. ज्योत छताला टेकते, गरम धूर छताखाली पसरतो आणि त्याची धग सगळ्या फोमवर एकाच वेळी पडते. प्रत्येक चौरस इंच शेजाऱ्याला तापवतो. एकटं लाकूड काडीने पेटत नाही, पण चुलीत चार लाकडं एकमेकांना लावून ठेवली की धडधडतात, तसंच. ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे फोम ज्वलनशील वायू सोडू लागतो आणि त्या क्षणी एफआर ग्रेडचा उपयोग इतकाच की हे थोडं उशिरा सुरू होतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने प्लास्टिक उद्योगावर नेमकी याच मुद्द्यावरून कारवाई केली होती. छोट्या पट्टीच्या चाचणीवरून फोम "स्वतःहून विझणारा", "न जळणारा" म्हणून विकला जात होता आणि प्रत्यक्ष इमारतीत मात्र धडाधड जळत होता. कंपन्यांना ते शब्द वापरणं थांबवावं लागलं. पन्नास वर्षांनंतर शब्दांच्या जागी मोबाईलचा व्हिडिओ आलाय, एवढंच.

आता एक हिशोब. ७५ मिमी जाडी, १०० चौरस मीटर छप्पर म्हणजे साडेसात घनमीटर फोम. घनता ३५ किलो प्रति घनमीटर धरली तर साधारण २६० किलो. किलोमागे २६ मेगाज्यूल उष्णता धरली की एकूण जवळजवळ ६,८०० मेगाज्यूल होतात. म्हणजे अंदाजे २०० लिटर पेट्रोलमधली ऊर्जा डोक्यावर चिकटवून ठेवलीय. पेट्रोल जळतं तसा फोम जळत नाही हे मान्य, पण "फोम म्हणजे हवाच तर असते" हे वाक्य पुन्हा ऐकलं की हा आकडा आठवा.

उगाच_एक, तुमच्या फोमवरून पडणारा तो भुगा म्हणजे ऊन किंवा ट्यूबलाइटमधल्या अतिनील किरणांनी वरची कातडी सडतेय. त्याचा आगीशी थेट संबंध नाही, पण खालच्या यंत्रांवर तो बारीक ज्वलनशील भुगा साठू देऊ नका.

उगाच_एक
हिशोब पटला. पण मग सगळ्या शीतगृहांत हाच फोम असतो की! ती काय रोज जळतात?

लाल_बंब
रोज नाही जळत, पण जळतात तेव्हा आमच्या हातात फार काही राहत नाही. मी अग्निशमन सेवेत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दक्षिण कोरियातल्या इचॉन शहरात ७ जानेवारी २००८ रोजी बांधकाम चालू असलेल्या शीतगृहात आग लागली, ४० माणसं गेली. युरेथेन फोमचं काम तिथे झालेलं होतं. त्याच शहरात २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या गोदामात पुन्हा ३८ माणसं गेली. तपासात निघालं ते असं की वेल्डिंगची ठिणगी युरेथेन फोमला लागली. शांघायमध्ये १५ नोव्हेंबर २०१० रोजी एका २८ मजली निवासी इमारतीच्या बाहेरून इन्सुलेशनचं काम चालू होतं, वेल्डिंगच्या ठिणगीने पेट घेतला आणि ५८ जण मेले. चीनमध्येच देहुई इथल्या कोंबडी प्रक्रिया कारखान्यात ३ जून २०१३ रोजी १२१ जण गेले. तिथे फोमचं इन्सुलेशन होतं, अमोनिया होता, आणि बाहेर पडायचे दरवाजे कुलूपबंद होते.

यातल्या पहिल्या तीन घटना बघा. इमारत वापरात यायच्या आधी किंवा दुरुस्ती चालू असताना घडल्या आहेत. फोम लागलाय पण त्यावर बोर्ड चढलेला नाही, स्प्रिंकलर अजून चालू नाही, बाहेर पडायच्या वाटेत माल पडलाय आणि वेगवेगळे ठेकेदार एकाच वेळी काम उरकतायत. फोमच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ हाच. तापलेला_पत्रा साहेब, तुमचा ठेकेदार फोम मारून गेला आणि बोर्डवाला महिन्याने येणार असेल, तर मधल्या महिन्यात तिथे ग्राइंडर चालू होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट वेळेची. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २० फेब्रुवारी २००३ रोजी 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये भिंतीवरच्या फोमला आतषबाजीने आग लागली. १०० मृत्यू. नंतर तिथल्या एनआयएसटी या राष्ट्रीय संस्थेने तसाच रंगमंच उभा करून पेटवून पाहिला. दीड मिनिटाच्या आत आतली परिस्थिती माणूस जगू शकणार नाही अशी झाली. स्प्रिंकलर लावून तोच प्रयोग केला तेव्हा आग आटोक्यात राहिली. दीड मिनिटात आमची गाडी अग्निशमन केंद्राच्या फाटकाबाहेरसुद्धा आलेली नसते.

उगाच_एक
एक मिनिट. नाइटक्लबवाला फोम म्हणजे आवाज शोषायला लावतात तो मऊ, गादीसारखा. पत्र्याखाली मारतात तो कडक असतो. दोन्ही एकाच तराजूत नका तोलू.

बेंझिनवलय
हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मऊ फोमच्या पेशी उघड्या असतात, हवा आरपार खेळते, त्यामुळे तो भयंकर वेगाने पेटतो आणि त्यातलं बरंच वितळून ठिबकतं. कडक फोमच्या पेशी बंद असतात, वर कोळशाची साय धरते, थोडा वेळ तरी टिकाव धरतो. 'स्टेशन'चं उदाहरण जसंच्या तसं तुमच्या छपराला लावता येणार नाही. कोरियाची दोन्ही उदाहरणं मात्र तुमच्याच जातीच्या फोमची.

याच ओघात पीआयआर म्हणजे पॉलिआयसोसायन्युरेटबद्दल. कच्चा माल जवळजवळ तोच, पण आयसोसायनेटचं (फोमच्या दोन घटकांपैकी एकाचं) प्रमाण खूप जास्त ठेवतात, त्यामुळे रेणूंची कडी तयार होतात आणि ती जास्त तापमान सोसतात. कोळशाचा थरही दणकट येतो. तयार पॅनेल घ्यायचं असेल तर साध्या पीयूपेक्षा पीआयआर नक्की बरं. पण "न जळणारं" तेही नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये (१४ जून २०१७, ७२ मृत्यू) आग वर चढवण्याचं मुख्य काम ॲल्युमिनियम पत्र्यांमधल्या पॉलिएथिलीनने केलं, आतल्या इन्सुलेशनमध्ये मोठा भाग पीआयआरचा होता आणि त्यानेही हातभार लावला.

अवांतर: थर्माकोल (पॉलिस्टायरीन) तापला की वितळून खाली गळतो. कडक पीयू वितळत नाही, जागच्या जागी जळतो. म्हणून छताला लागलेला पीयू "निदान खाली पडत नाही" असं लोक समाधान मानतात. छताला राहूनच तो धूर करतो, त्याचं काय?

स्टेथोस्कोप
धुरावर मी लिहिते. पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन असतो. हवा अपुरी पडून तो जळला की कार्बन मोनॉक्साईडबरोबर हायड्रोजन सायनाईडही निघतं. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेच्या यादीत सायनाईडची 'जिवाला ताबडतोब धोका' ही पातळी ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) आहे, कार्बन मोनॉक्साईडची १,२००. दोन्ही एकत्र आले तर एक रक्तातला ऑक्सिजन पोचू देत नाही आणि दुसरं पोचलेला पेशींना वापरू देत नाही. माणूस भाजण्याच्या आधीच कोसळतो. ब्राझीलमध्ये 'किस' नाइटक्लबच्या आगीत (२७ जानेवारी २०१३, २४२ मृत्यू) बहुतेक जण धुरानेच गेले.

आगीतून बाहेर काढलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ९८ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. साधं ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साईड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतं. गोंधळलेला, गुंगीत असलेला, नाका-तोंडात काजळी असलेला रुग्ण असेल तर लगेच ऑक्सिजन आणि रुग्णालय, आणि "फोम जळत होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. सायनाईडवर हायड्रॉक्सोकोबालामिन हा उतारा आहे, पण तो द्यायचा की नाही हे ठरवायला ती माहिती लागते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फवारणी चालू असताना घरच्यांनी थांबण्याचा. नाही. दमा असो वा नसो, नाही. फोमच्या दोन घटकांपैकी एक एमडीआय हे आयसोसायनेट आहे. गरम करून दाबाने फवारताना त्याची वाफ आणि बारीक थेंब दोन्ही हवेत असतात. कामाच्या जागी त्याची अमेरिकेतली कायदेशीर कमाल मर्यादा ०.०२ पीपीएम आहे, एनआयओएसएचची शिफारस पूर्ण पाळीसाठी सरासरी ०.००५. इतक्या कमी पातळीला नाकाला काही कळत नाही. "वास येत नाही म्हणजे ठीक" हा निकष इथे पूर्ण निकामी.

आयसोसायनेटचं वेगळेपण हे की शरीर त्याच्याविरुद्ध एकदा संवेदनशील झालं की मागे फिरत नाही. त्यानंतर अगदी नगण्य मात्रेनेही दम्याचा झटका येतो. त्वचेवर वारंवार लागूनही ही संवेदनशीलता येऊ शकते, म्हणून नुसता मास्क पुरत नाही. फवारणी करणाऱ्या कामगारांत मी पाहते तो नमुना असा: काम चालू असताना काही नाही, घरी गेल्यावर संध्याकाळी किंवा रात्री खोकला, छातीत घरघर. सुट्टीच्या दिवशी बरं, कामावर परतलं की पुन्हा सुरू. "धुळीने होतंय" म्हणून महिनोन्महिने खोकल्याचं औषध घेतात. असं कुणाला होत असेल तर त्याने फवारणीचं काम थांबवून आधी फुप्फुसांची तपासणी करावी.

माळ्यावरची_मांजर
वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).
डॉक्टर, मग काम झाल्यावर किती वेळाने आत जायचं?

फवारा
डॉक्टरांच्या आधी मीच उत्तर देतो, कारण माझा धंदाच हा आहे. शीतगृहं आणि छपरं फवारतो. दोन घटकांच्या फवारणीला बहुतेक उत्पादक २४ तास सांगतात, तेही पूर्ण वेळ हवा खेळती ठेवून. माल, जाडी, तापमान, वायुवीजन यावर ते बदलतं, म्हणून मालाच्या तांत्रिक पत्रकात लिहिलंय ते प्रमाण. दमेकरी माणूस असेल तर मी स्वतः आणखी दोन-तीन दिवस थांबायला सांगतो. वाळलेला फोम कापला-तासला की धूळ उडते, ते कामही घरचे बाहेर असतानाच उरकायचं.

आता ठेकेदाराच्या "७५ मिमी, एका दिवसात" यावर. जाडी चालेल, दिवसही कदाचित चालेल, पण एका हातात ७५ मिमी मारणार असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. दोन घटक मिसळले की प्रक्रिया स्वतःची उष्णता सोडते. फोम हा जगातल्या उत्तम उष्णतारोधकांपैकी एक, त्यामुळे ती उष्णता मधोमध अडकते, बाहेर जायला वाटच नाही. म्हणून बंद पेशींचा फोम साधारण ५० मिमीपर्यंतच्या थरांत मारतात (मालाप्रमाणे कमीही असतं), थर गार होऊ देतात, मग पुढचा. घाईत जाड मारलेला फोम कापून पाहिलाय का कुणी? वरून छान फिकट पिवळा, कातडी गुळगुळीत. मधोमध तपकिरी पट्टा, कडेला बारीक चिरा, आणि नाकाजवळ नेला की जळका वास. तो तपकिरी रंग म्हणजे आतून करपलेला फोम. त्याहून जाड असेल तर तो आतल्या आत धुमसत राहून काही तासांनी पेटतो, सगळे जेवायला किंवा घरी गेलेले असताना. २०११ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या फायर मार्शलने स्प्रे फोमच्या कामांदरम्यान लागलेल्या घरांच्या आगींवरून असाच इशारा दिला होता.

याचाच दुसरा अवतार म्हणजे कचरा. मशीन सुरू करताना बंदुकीतून पहिला माल पिशवीत किंवा खोक्यात मारून बघतात. तो गोळा पिशवीत फुगतो आणि त्याच्या आत सगळ्यात जास्त उष्णता कोंडते. असे गोळे एकावर एक टाकून इमारतीच्या आत ढीग करणारे महाभाग आहेत. गोळा बाहेर मोकळ्यावर, लहान-लहान, पसरून ठेवायचा. पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्यात नाही.

पत्र्याच्या आतून मारणार आहात म्हणून: पत्रा कोरडा हवा. सकाळी आतून दव धरलेलं असतं, त्यावर मारला तर आयसोसायनेट पाण्याशी आधी जुळतं, फोम ठिसूळ होतो आणि पापुद्रे सुटतात. पत्र्याच्या सांध्यातून फवाऱ्याचे कण बाहेर उडतात आणि शेजारच्या गाड्यांवर बसतात, ते मग रंगासकटच निघतात. झाकाझाकी नीट करून घ्या.

मी आणि माझा मदतनीस, दोघंही आत असताना बाहेरून नळीने शुद्ध हवा येणारा मास्क घालतो, अंगभर सूट, नायट्राईल हातमोजे. तुमच्या ठेकेदाराचा माणूस तोंडाला रुमाल बांधून आला तर बाकीचं कामही त्याच दर्जाचं होणार हे ओळखा. युरोपीय संघात २४ ऑगस्ट २०२३ पासून आयसोसायनेट वापरणाऱ्या व्यावसायिकांना प्रशिक्षण सक्तीचं केलंय. जिथे हे बंधन नाही तिथल्यांनीही ते करून घ्यायला हरकत नाही.

आणि काम झाल्यावर फोम बोटाने दाबून बघा. चिकट लागला, मऊ राहिला किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासळीसारखा वास यायला लागला तर दोन घटकांचं प्रमाण चुकलंय किंवा माल गरम झालेला नाही. वर रंग मारून तो वास जात नाही. तेवढा भाग खरवडून काढणं हाच इलाज.

बेंझिनवलय
+१. पिंपांबद्दल एक पुरवणी. आयसोसायनेटमध्ये पाणी गेलं की कार्बन डायऑक्साईड तयार होतो. पाणी शिरलेलं पिंप घट्ट झाकण लावून ठेवलं तर फुगतं आणि फुटतं. सांडलं तर लाकडाचा भुसा किंवा माती टाकून शोषून घ्यायचं, उघड्या भांड्यात भरून धुण्याच्या सोड्याचं ५-१० टक्के पाणी आणि थोडा साबण मिसळायचा, आणि झाकण सैल ठेवून बाहेर एक-दोन दिवस तरी सोडून द्यायचं. पिंपावरच्या 'ए' आणि 'बी' अक्षरांवर विसंबू नका. अमेरिकेत 'ए' म्हणजे आयसोसायनेट, युरोपात अनेकदा उलट. नाव वाचा.

ठिणगी
फॅब्रिकेशनवाला आहे. तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून.

फोम लागलेल्या पत्र्याला वरून वेल्डिंग करायचं नाही. विषय संपला. लोकांना वाटतं ठिणगी तर बाहेरच्या बाजूला पडतेय. पत्रा अर्धा मिलिमीटर. टाका मारला की मागची बाजू त्याच क्षणी लाल. मागे फोम चिकटलेला, तुम्हाला दिसत नाही. पत्रा आणि फोमच्या मध्ये धुमसायला सुरुवात होते आणि धूर कुठेतरी दुसऱ्याच सांध्यातून निघतो. तोवर तुम्ही सामान आवरून गेलेले.

म्हणून जे काही वेल्ड करायचंय ते फोम मारण्याच्या आधी करून घ्या. पंख्याचे हुक, पाइपांचे क्लॅम्प, सोलरचे पाय, पुढे लागतील असे दोन-चार जास्तीचे ब्रॅकेट, सगळं. नंतर गरज पडलीच तर नटबोल्ट किंवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. ग्राइंडर, गॅस कटर, गरम हवेची गन, वॉटरप्रूफिंगवाल्यांचा टॉर्च हे सगळं वेल्डिंगच्याच रांगेत धरा. टॉर्चवाले तर वेल्डरपेक्षा बेफिकीर.

अगदीच पर्याय नसेल तर आतून फोम खरवडून पत्रा मोकळा करायचा, कडा न जळणाऱ्या ब्लँकेटने झाकायच्या, खाली पाण्याची नळी हातात घेतलेला एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. ११ मीटरच्या आत जळण्याजोगं काही उघडं नको, हा अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेचा नियम, मी सगळीकडे तोच पाळतो. काम संपल्यावर तो माणूस तासभर तिथेच बसतो. पूर्वी अर्धा तास म्हणायचे, आता एक तास. आमची पोरं कंटाळतात, पण बसतात.

तापलेला_पत्रा
सगळ्यांचे मनापासून आभार. ठेकेदाराला ओळंबा साहेबांचा 'लेखी द्या' हा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "मी कंपनीला विचारून सांगतो." अजून सांगतोय.
अडचण अशी आहे की माझ्या पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्या) बारीक आहेत. जिप्समचं वजन पेलेल का? कुणीतरी म्हणालं की फोमवर आगरोधक रंग मारला की बोर्ड लागत नाही. आणि वायरी फोममध्ये गाडल्या तर चालतील का?

ओळंबा
१२.५ मिमी जिप्समचं वजन चौरस मीटरला ८ ते १० किलो, वर त्याचा सांगाडा. पर्लिनचा हिशोब स्ट्रक्चरलवाल्याकडूनच करून घ्या, धाग्यावर नको. ऑफिस आणि खोलीच्या भागात बोर्ड भिंतींवर टेकलेल्या वेगळ्या सांगाड्यावर घेता येतो, पर्लिनवर भार द्यायलाच हवा असं नाही.

रंगाबद्दल सावध. आगीत फुगणारे रंग खरे असतात, पण त्या रंगाची चाचणी फोमवर झालेली हवी, आणि ज्या जाडीत झाली त्याच जाडीत मारायला हवा. लोखंडासाठी चाचणी झालेला रंग फोमवर मारून उपयोग शून्य. फोमची पाठ खडबडीत असते, त्यामुळे चौरस मीटरला लागणारा रंग कागदावरच्या हिशोबापेक्षा जास्त जातो आणि तिथेच ठेकेदार हात आखडतो. ओल्या थराची जाडी मोजायची कंगव्यासारखी पट्टी मिळते, ती घेऊन उभे राहा. चाचणीचा अहवाल देऊ शकत नसतील तर बोर्डच लावा.

वायरी फोममध्ये गाडू नका. भोवती उष्णतारोधक असला की वायर गार होत नाही. ब्रिटिश वायरिंग नियमांत अर्धा मीटर किंवा जास्त लांबी सगळीकडून इन्सुलेशनमध्ये गेलेल्या केबलची क्षमता निम्मी धरतात. पाइपातून, फोमच्या खालून, बोर्डच्या वरच्या पोकळीतून न्या. जंक्शन बॉक्स कधीही फोमने बुजवू नका. छतात बसवायचे दिवे असतील तर त्यांच्याभोवती फोम नको, उत्पादक सांगतो तेवढं अंतर सोडा.

शेवटचं मत, न मागितलेलं. वेल्डिंग चालतं त्या अर्ध्या भागात फोम मारूच नका. तिथे रॉकवूल आणि खालून पातळ पत्रा. दगडी लोकर जळत नाही. जाडी जास्त लागेल, कारण फोमची उष्णतावाहकता ०.०२२ ते ०.०२८ च्या आसपास असते आणि रॉकवूलची साधारण ०.०३५ ते ०.०४०. पण ७५ च्या जागी ११०-१२० मिमी भरलं की तोच परिणाम मिळतो. खालचा थर नीट बंद करा म्हणजे बाष्प आत जाऊन पत्र्याला घाम येणार नाही. आणि ऑफिसच्या बाजूच्या फोमपर्यंत आग जाऊ नये म्हणून दोन भागांमधली भिंत थेट पत्र्याला भिडवा, सांधे रॉकवूलने ठासा.

लाल_बंब
ओळंबांशी पूर्ण सहमत. वरच्या खोलीतून बाहेर पडायला वर्कशॉपमधून न जाणारा दुसरा जिना काढा. नकाशात आत्ताच.

माळ्यावरची_मांजर
माझा छोटा प्रश्न. खिडकीच्या फटीत मारायचा डब्यातला फोम असतो, त्यालाही हेच सगळं का? माझ्या बोटांना चिकटलाय आणि जात नाहीये. :(

फवारा
वाळला असेल तर आता काही करू नका, कातडीबरोबर आपोआप झडतो. ॲसिटोनने घासू नका, त्वचा फाटेल. पुढच्या वेळी नायट्राईल हातमोजे घाला, आणि ओला असतानाच कोरड्या फडक्याने पुसून खाद्यतेल चोळून साबणाने धुवा. डोळ्यात गेला तर १५ मिनिटं वाहतं पाणी आणि सरळ डॉक्टर.

डब्यात वाफेचं प्रमाण कमी असतं, पण आयसोसायनेट तेच. वर डब्यातला दाबाचा वायू प्रोपेन, आयसोब्युटेन, डायमिथाइल ईथर असला असतो, म्हणजे पेटणारा. बंद खोलीत दोन-तीन डबे रिकामे केले आणि शेजारी गिझरची ज्योत जळत असेल तर भडका उडतो. ज्योती बंद, खिडक्या उघड्या. डबा ५० अंशांच्या वर तापू द्यायचा नाही, म्हणून उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उभा ठेवा, आडवा ठेवला की नळी चिकटते.

माळ्यावरची_मांजर
आणि गुलाबी रंगाचा 'फायर रेटेड' डबा मिळतो तो? तो वापरला तर काळजी नाही ना?

ओळंबा
त्या डब्याच्या मागे बारीक अक्षरात फटीची रुंदी आणि खोली लिहिलेली असते. तेवढ्याच मापाच्या फटीत, दोन्ही बाजूंना न जळणारी भिंत असताना त्याला तो दर्जा मिळालाय. कमी रुंद आणि खोल फटीत तो बराच वेळ टिकतो, रुंद आणि उथळ फटीत नाही. पाइप किंवा केबल जाणाऱ्या भोकात तो चालेल असंही गृहीत धरू नका, त्यासाठी चाचणी झालेला फायर स्टॉप वेगळा मिळतो. खिडकीच्या चौकटीला साधा डबा पुरतो, वरून गिलावा किंवा पट्टी लावून झाका.

तापलेला_पत्रा
अपडेट: वर्कशॉपच्या बाजूला रॉकवूल ठरलं. ऑफिसच्या बाजूला फोम, दोन थरांत, दुसऱ्या दिवशी लगेच बोर्डवाला. ब्रॅकेट उद्यापासून वेल्ड करून घेतोय. ठेकेदार बदलला. नवीन माणसाने पहिल्याच भेटीत विचारलं, "फवारताना तुम्ही सगळे कुठे राहणार?"
फवारा साहेब, त्याच्याकडून कामाआधी कुठले कागद मागू?

फवारा
दोन्ही घटकांची सुरक्षा माहितीपत्रकं, मालाचं तांत्रिक पत्रक (त्यात एका थराची कमाल जाडी आणि दोन थरांमधला वेळ असतो), आगीच्या चाचणीचा पूर्ण अहवाल. नुसतं प्रमाणपत्राचं पहिलं पान नको, किती जाडीवर आणि कशाच्या मागे चाचणी झाली ते आतल्या पानावर असतं. पिंपांचे बॅच नंबर आणि मुदत तुम्ही स्वतः फोटो काढून ठेवा. काम चालू असताना एका कोपऱ्यात वहीएवढा नमुना मारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी मधोमध कापा. आत रंग एकसारखा हवा.

तापलेला_पत्रा
लिहून घेतलं. नमुना कापला की फोटो टाकतो.